तलंग की कोंबडा? परसातील कुक्कुटपालनातला एक दुर्लक्षित हिशेब

ग्रामीण कुटुंबाच्या जमाखर्चात परसातील कोंबड्यांचे स्थान लहान असले, तरी ते मोलाचे आहे. उसाचे बिल किंवा दुधाचा पगार बहुधा घरातील कर्त्या पुरुषाच्या हाती पडतो. अंड्यांचे पैसे मात्र घरच्या स्त्रीकडे येतात. मुलांच्या वह्या, दुखण्याखुपण्याचे औषध, माहेरी जाण्यासाठी एस. टी.चे तिकीट असे अनेक किरकोळ वाटणारे, पण अडून राहणारे खर्च या पैशांतून भागतात. म्हणूनच परसात पाळण्यासाठी आणलेली पिल्ले मोठी झाल्यावर कोंबड्या न निघता कोंबडे निघतात, तेव्हा ती केवळ गमतीची गोष्ट राहत नाही. चार महिने दाणा घातलेला असतो, पहिल्या अंड्याची वाट पाहणे चालू असते, आणि एके पहाटे खुराड्यातून एक आरव ऐकू येतो. दुसऱ्या दिवशी दुसरा, आठवड्याने तिसरा. कोंबडे झाकल्याने तांबडे फुटायचे राहत नाही, अशी आपल्याकडे म्हण आहे. येथे तर दडून राहिलेले कोंबडे स्वतःच आपली बातमी गावभर करतात.

असे झाले म्हणजे घरात दैवाला बोल लावला जातो आणि चावडीवर योजनेला. ‘सरकारने नर गळ्यात मारले’, ‘पिल्लेवाल्याने फसविले’ असे उद्गार सर्रास ऐकू येतात. यांपैकी काही तक्रारी खऱ्या असतात, काही निव्वळ गैरसमजातून आलेल्या असतात. त्यांतील फरक ओळखता येणे लाभार्थींइतकेच ग्रामसेवक, पंचायत सदस्य आणि शिक्षक यांच्याही उपयोगाचे आहे. निसर्गाचा नियम कोठे संपतो आणि माणसाची लबाडी कोठे सुरू होते, हे सांगणारा हिशेब फारसा अवघड नाही.

कडेगावसारख्या तालुक्यात

सांगली जिल्ह्यातील कडेगाव हे गाव मोहरममधील उंच ताबुतांसाठी आणि त्या निमित्ताने दिसणाऱ्या हिंदू-मुस्लिम ऐक्यासाठी महाराष्ट्राला परिचित आहे. १९४९ पूर्वी हा भाग सातारा जिल्ह्यात होता. पुढे तो दक्षिण सातारा व १९६० नंतर सांगली या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जिल्ह्यात आला. दीर्घकाळ खानापूर तालुक्यात असलेले कडेगाव आता स्वतंत्र तालुक्याचे ठाणे आहे. महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांचे जन्मगाव देवराष्ट्रे याच तालुक्यात आहे.

हा सारा पट्टा पर्जन्यछायेचा. ताकारी आणि टेंभू या उपसा सिंचन योजनांनी कृष्णेचे पाणी वर चढविल्यापासून अनेक शिवारांत ऊस दिसू लागला. पण ज्यांच्या जमिनीपर्यंत पाट पोचला नाही, किंवा ज्यांना जमीनच नाही, त्यांचा आधार आजही शेळी, कोंबडी आणि मजुरी हाच आहे. अशा घरात वीस पिल्ले आणणे हा विचारपूर्वक केलेला खर्च असतो. म्हणून त्या वीस पिल्लांत किती तलंगा आणि किती कोंबडे निघणार, हा प्रश्न येथे महत्त्वाचा ठरतो. ज्या वाचकांना हा शब्द परिचित नसेल त्यांच्यासाठी सांगावयाचे, तर अंड्यावर येण्यापूर्वीच्या वाढत्या वयातील मादीला ‘तलंग’ म्हणतात. पशुसंवर्धन खात्याच्या कागदपत्रांतही हाच शब्द रूढ आहे.

निम्मे नर का?

प्राण्यांचे लिंग ठरविणाऱ्या सूक्ष्म घटकांना गुणसूत्रे म्हणतात. मनुष्यात मुलगा की मुलगी हे पित्याकडून येणाऱ्या गुणसूत्रावर ठरते. पक्ष्यांत हा क्रम उलटा आहे. कोंबड्याच्या पेशीत ‘झेड’ नावाची दोन सारखी गुणसूत्रे असतात, तर कोंबडीत एक ‘झेड’ आणि एक ‘डब्ल्यू’. कोंबडीच्या बीजांडात ‘झेड’ गेले तर पिल्लू नर होते, ‘डब्ल्यू’ गेले तर मादी. दोन्हींची शक्यता जवळजवळ सारखी असल्याने अंड्यांतून निघणाऱ्या पिल्लांत निम्मे नर आणि निम्म्या माद्या असतात. कोंबडा बदलून, कोंबडीला वेगळा दाणा घालून किंवा अंडी विशिष्ट दिवशी उबवायला ठेवून हे प्रमाण बदलत नाही.

उबवणीच्या उष्णतेचाही येथे संबंध नाही. कृष्णाकाठी भिलवडी, औदुंबर या परिसरात मगरी दिसतात. मगरीच्या घरट्यातील उष्णता किती आहे यावर तिची पिल्ले नर होणार की मादी हे ठरते. कोंबडीत तसे होत नाही. अंडे घातले जाते त्याआधीच आतील जीवाचे लिंग निश्चित झालेले असते.

या ठिकाणी शिक्षकांनी मुलांच्या लक्षात एक गोष्ट आवर्जून आणून द्यावी. मुलगी झाली म्हणून सुनेला दोष देणारी घरे अद्याप नाहीशी झालेली नाहीत. मनुष्यात ते पित्याच्या गुणसूत्रावर ठरते, आणि त्यातही कोणाच्या इच्छेचा भाग नसतो. महाराष्ट्राने गर्भलिंगचाचणीला आळा घालणारा कायदा १९८८ साली केला आणि १९९४ साली देशासाठी कायदा झाला. त्यामागील शास्त्रीय सत्य खुराड्याच्या उदाहरणाने मुलांना सहज समजते.

दहा पिल्लांचे गणित

‘निम्मे नर’ याचा अर्थ प्रत्येक घरात बरोबर निम्मे, असा मात्र नव्हे. बरेच गैरसमज येथूनच सुरू होतात. रुपयाचे नाणे दहा वेळा उडविले तर दर खेपेस पाच छाप आणि पाच काटे पडत नाहीत. पिल्लांचेही तसेच आहे. दहा पिल्लांत नर-मादी येण्याचे एकूण १,०२४ क्रम संभवतात. त्यांपैकी २५२ क्रमांतच पाच नर आणि पाच माद्या असतात. म्हणजे दहा-दहा पिल्ले घेणाऱ्या चार घरांपैकी साधारण एकाच घरी बरोबर निम्मी वाटणी होईल. १७६ क्रमांत सात किंवा त्याहून अधिक नर असतात. याचा अर्थ दर सहा घरांपैकी एका घरी तरी दहांत सात कोंबडे निघणार, आणि तेवढ्याच शक्यतेने दुसऱ्या एका घरी सात तलंगा निघणार. एकाच दिवशी, एकाच खोक्यातून पिल्ले घेतलेल्या दोन शेजारणींचे नशीब असे वेगळे दिसते. त्यात कोणाची लबाडी नसते.

संख्या मोठी झाली म्हणजे चित्र बदलते. शंभर पिल्लांच्या गटात नरांची संख्या ४० ते ६० यांच्या दरम्यान राहण्याचीच दाट शक्यता असते. शंभर गटांमागे फार तर तीन-चार गट या मर्यादेबाहेर जातील. म्हणून शंभर पिल्लांत ५५ नर निघाले तर तक्रारीला जागा नाही. मात्र शंभरांत ८० नर निघाले तर तो निसर्गाचा खेळ नव्हे. अशा वेळी पिल्ले कोठून आली याची चौकशी करणे योग्य ठरते. एवढा एक अंदाज पंचायत सदस्याने लक्षात ठेवला, तरी निम्म्या वादांचा निकाल जागेवरच लागेल.

आता याचा उत्पन्नावर होणारा परिणाम पाहू. समजा, एका बाईने गावठी जातीची वीस पिल्ले आणली. गावठी कोंबडी वर्षाला साठ-सत्तर अंडी देते. वीस कोंबड्या साठ अंडी देतील तर वर्षाची बाराशे अंडी, असा तिचा मनातला हिशेब. प्रत्यक्षात दोन पिल्ले दगावली, उरलेल्या अठरांत नऊ नर निघाले. राहिलेल्या नऊ तलंगांची अंडी झाली ५४०. बचत गटाचे कर्ज तिने बाराशे अंड्यांच्या भरवशावर काढले असेल, तर पहिल्याच वर्षी हप्ता थकेल. चूक पिल्लांची नसून हिशेबाची आहे, आणि ती कर्जाचा कागद भरतानाच सुधारता येते.

एक दिवसाचे पिल्लू ओळखता येते काय?

अंड्यातून नुकत्याच निघालेल्या पिल्लाकडे पाहून तो नर की मादी हे सामान्य माणसाला सांगता येत नाही. सशाच्या किंवा शेळीच्या पिल्लाप्रमाणे पक्ष्यात बाह्य अवयव दिसत नाहीत. ही अडचण जगभरच्या कुक्कुटपालकांना दीर्घकाळ भेडसावत होती.

तिच्यावर उपाय निघाला तो जपानमध्ये. कियोशी मासुई, जुरो हाशिमोतो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९२० नंतरच्या दशकात असे दाखवून दिले की, पिल्लाच्या गुदद्वाराच्या आतील बाजूस मोहरीहूनही बारीक असा एक उंचवटा असतो. नरात तो बहुधा गोल, टणक व चमकदार असतो, तर मादीत सपाट असतो किंवा नसतोच. त्यांचे या विषयावरील इंग्रजी पुस्तक १९३३ साली प्रसिद्ध झाले आणि जपानी तज्ज्ञांना देशोदेशीच्या उबवणी केंद्रांतून मागणी येऊ लागली. निष्णात माणूस तासाला हजाराच्या आसपास पिल्ले तपासतो आणि शंभरात दोन-तीनपेक्षा जास्त चुका करीत नाही. परंतु उंचवट्याचे अनेक मिश्र प्रकार असल्याने हे कसब हजारो पिल्ले हाताळल्यावरच अंगवळणी पडते. आपल्या देशात केरळमधील चेंगन्नूर येथील शासकीय उबवणी केंद्रात अशा कामाचे शिक्षण देण्यात आलेले आहे. हा प्रयोग घरी मात्र कोणीही करू नये. नवशिक्याच्या बोटांनी पिल्लाला इजा होते आणि रोगही पसरतो.

दुसरी पद्धत पिसांची. काही खास संकरांत मादी पिल्लांची पंखावरील मुख्य पिसे वरच्या आच्छादक पिसांपेक्षा लांब असतात, तर नरांत दोन्ही सारखी किंवा वरची अधिक लांब असतात. पहिल्या एक-दोन दिवसांतच हा फरक दिसतो. तिसरी पद्धत रंगाची. पहिल्या महायुद्धात ब्रिटनमध्ये धान्याची टंचाई असताना, निरुपयोगी नरांना दाणा घालणे वाचावे म्हणून केंब्रिजचे शास्त्रज्ञ रेजिनाल्ड पनेट यांनी रंगावरून पिल्ले वेगळी करण्याची कल्पना मांडली. तांबड्या जातीचा कोंबडा आणि चंदेरी जातीची कोंबडी यांचा संकर केला, तर मुली बापासारख्या तांबूस आणि मुलगे आईसारखे फिकट निपजतात.

या दोन्ही पद्धतींना एक अट आहे. आईबाप विशिष्ट जातींचे आणि ठरवून जुळविलेले असले पाहिजेत. गावठी कोंबड्यांत नाना रंगांचे आणि नाना वाणांचे मिश्रण झालेले असते. तेथे काळे पिल्लू नर आणि तांबडे मादी, असा कोणताही नियम लागू पडत नाही.

तीच गोष्ट जुन्या समजुतींची. टोकदार अंड्यातून कोंबडा निघतो आणि गोल अंड्यातून कोंबडी, अशी समजूत अनेक ठिकाणी आहे. ग्रीक तत्त्ववेत्ता अ‍ॅरिस्टॉटल याने नेमके याच्या उलट लिहून ठेवले होते. दोन्ही मते चुकीची आहेत. पिल्लाच्या डोक्यावर दोऱ्याला बांधलेली अंगठी धरून ती कशी फिरते ते पाहणे, किंवा पिल्लाला मानेला धरून उचलले असता ते पाय कसे ठेवते ते पाहणे, यांचा निर्णयही नाणे उडविण्यापेक्षा अधिक खात्रीचा नसतो. निम्म्या वेळा तो बरोबर येतो, आणि तेवढेच लोकांच्या लक्षात राहते.

रंगविलेली पिल्ले

आतापर्यंतचा हिशेब सरमिसळ पिल्लांचा झाला. परंतु काही घरी निम्मे नव्हे, तर सगळेच्या सगळे कोंबडे निघतात. त्याचे कारण बहुधा पिल्ले कोठून घेतली यात सापडते.

अंड्यांसाठी पाळल्या जाणाऱ्या संकरित जातींची पिल्ले मोठ्या उबवणी केंद्रांत पहिल्याच दिवशी निवडली जातात. माद्या अंडी उत्पादकांकडे जातात. या जातीचे नर अंडी तर देत नाहीतच, पण मांसासाठीही सावकाश वाढतात. त्यामुळे व्यवसायाच्या दृष्टीने ते नकोसे असतात. जगात दरवर्षी अशी अब्जावधी नर पिल्ले जन्मताच मारली जातात. त्याविरुद्ध लोकमत जागे झाल्यावर जर्मनीने १ जानेवारी २०२२ पासून या प्रथेवर बंदी घातली आणि अंड्यात असतानाच लिंग ओळखणारी यंत्रे तेथे वापरात आली. आपल्याकडे अशा नरांपैकी बरेच स्वस्तात विकले जातात. जत्रेत, आठवडे बाजारात किंवा सायकलीवरील जाळीच्या टोपलीत गुलाबी, हिरवी, निळी अशी रंगविलेली जी पिल्ले दिसतात, ती बहुतेक याच वर्गातील असतात. मुलांच्या हट्टापायी किंवा स्वस्त मिळाली म्हणून ती घेतली जातात. त्यांतील पुष्कळशी उबेअभावी दगावतात आणि जी जगतात ती जवळजवळ सर्व कोंबडे होतात. ‘अंड्यावर येणारी आहेत’ असे सांगून कोणी ती विकत असेल, तर ती सरळ फसवणूक होय.

या संदर्भात सांगली जिल्ह्याला आलेला एक वेगळा अनुभवही विसरता येण्यासारखा नाही. २०१९ साली इस्लामपूर येथील एका खासगी कंपनीच्या कडकनाथ कोंबडीपालन योजनेत पैसे गुंतविलेल्या अनेक शेतकऱ्यांनी फसवणुकीच्या तक्रारी दाखल केल्या. तेथे प्रश्न नर-मादीचा नव्हता. अंडी आणि पक्षी चढ्या भावाने परत घेण्याच्या आश्वासनाचा होता. तेव्हापासून कोंबड्यांच्या कोणत्याही योजनेकडे लोक संशयाने पाहतात. हा संशय घालवायचा असेल तर देवघेवीतील प्रत्येक शब्द स्पष्ट असला पाहिजे.

वयानुसार खुणा

सरमिसळ पिल्ले घेतली तरी पहिला आरव ऐकू येईपर्यंत थांबण्याचे कारण नाही. लक्षपूर्वक पाहिल्यास पुढील खुणा दिसू लागतात.

चार ते सहा आठवडे : नराचा तुरा मादीच्या तुऱ्यापेक्षा मोठा आणि लालसर होऊ लागतो. पाय जाड दिसतात. तो छाती काढून उभा राहतो. या वयात अंदाज करता येतो, खात्री देता येत नाही.

आठ ते बारा आठवडे : चोचीखालचे लोंबते मांसल भाग नरात ठळक होतात. काही नर याच वयात घोगऱ्या आवाजात आरवण्याचा प्रयत्न करतात.

बारा ते सोळा आठवडे : ही सर्वांत विश्वासाची वेळ. नराच्या मानेवरील आणि कमरेवरील पिसे लांब, अणकुचीदार व चकाकणारी असतात. मादीची त्याच जागची पिसे टोकाला गोलसर असतात. नराच्या शेपटीत विळ्यासारखी वळलेली पिसे दिसू लागतात.

वीस आठवड्यांनंतर : मादीचा तुराही अंड्यावर येण्याच्या सुमारास लाल होतो. तेव्हा उशिरा लाल झालेला तुरा पाहून तलंगेला कोंबडा समजू नये. गावठी तलंग अंड्यावर यायला सहा महिने किंवा त्याहून थोडे अधिकही लागतात.

यालाही अपवाद आहेत. असील जातीत तुरा दोघांचाही बसका असतो, म्हणून तेथे पिसांवर विसंबावे. कडकनाथचा तुरा काळपट असल्याने लाल रंगाची खूण तेथे चालत नाही. पायाच्या मागील बाजूचा काटा वयस्क कोंबडीतही कधी कधी वाढतो. थोडक्यात, एकाच खुणेवर निर्णय न देता तुरा, पिसे आणि उभे राहण्याची ढब ही तिन्ही एकत्र पाहावीत आणि एकाच वयाच्या पिल्लांची आपसांत तुलना करावी.

आरवणारी कोंबडी

क्वचित असेही घडते की, वर्ष-दोन वर्षे अंडी दिलेली कोंबडी अंडी घालणे थांबविते, तिचा तुरा वाढतो आणि ती आरवू लागते. गावात हे अशुभ मानले जाते आणि त्या बिचारीवर सुरी चालते. १४७४ साली स्वित्झर्लंडमधील बाझल नगरात अंडे घातल्याच्या आरोपावरून एका कोंबड्यावर रीतसर खटला भरून त्याला जाळण्यात आले होते. तेव्हा असे भय केवळ आपल्याकडेच आहे असे नाही.

याचे कारण शरीरशास्त्रात आहे. कोंबडीचे फक्त डावे बीजाशय काम करते, उजवे अविकसित राहते. रोगाने किंवा गाठीने डावे बीजाशय निकामी झाले, तर मादीपणाचे संप्रेरक कमी पडते, उजव्या बाजूच्या अविकसित ग्रंथीची वाढ होते आणि कोंबडीत नराची लक्षणे उमटतात. ही आजारी कोंबडी असते, अपशकुन नव्हे. हा प्रकार फार दुर्मीळ असल्याने, आणलेली पिल्ले कोंबडे निघण्याशी त्याचा संबंध जोडण्याचेही कारण नाही.

योजनेच्या कागदावर काय लिहिले आहे?

शासनाची मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रे पुण्यात खडकी येथे, तसेच कोल्हापूर, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे आहेत. एकात्मिक कुक्कुट विकास योजनेखाली पन्नास टक्के अनुदानावर लाभार्थींना दोन प्रकारचे गट देण्यात आले. पहिला, एक दिवस वयाच्या शंभर पिल्लांचा. दुसरा, आठ ते दहा आठवडे वयाच्या पंचवीस तलंगा आणि तीन नर यांचा. या दोन गटांतील फरक लाभार्थीला अर्ज भरतानाच समजावून दिला पाहिजे.

एक दिवसाची पिल्ले स्वस्त पडतात. पण ती सरमिसळ असतात, त्यांना पहिले काही आठवडे कृत्रिम ऊब आणि मानमोडीसारख्या रोगांवरील लस वेळेवर द्यावी लागते. ज्या घरी विजेची खात्री आहे, निगा राखायला माणूस आहे आणि नर विकण्यासाठी बाजार जवळ आहे, त्या घराला हा गट सोयीचा. तलंगांचा गट महाग पडतो, पण त्यात नर किती आणि माद्या किती हे आधीच ठरलेले असते व मरतूकही कमी होते. अंड्यांच्या उत्पन्नावर भिस्त असलेल्या एकट्या स्त्रीला हाच गट अधिक योग्य. मात्र आठ-दहा आठवड्यांच्या वयात निवड करणाऱ्याचीही चूक होऊ शकते. म्हणून ताबा घेताना पक्षी मोजून घ्यावेत, तुरे पाहावेत आणि शंका असेल तो पक्षी तेथेच बदलून मागावा.

हैदराबाद येथील कुक्कुट संशोधन संचालनालयाने परसातील पालनासाठी वनराजा, ग्रामप्रिया यांसारखे वाण तयार केले आहेत. ग्रामप्रिया अंड्यांसाठी आणि वनराजा अंडी व मांस या दोहोंसाठी उपयुक्त मानली जाते. वाण सुधारला म्हणजे कोंबडीमागे अंडी वाढतात, पण निम्मे नर हा नियम तेथेही सुटत नाही. ‘सुधारित’ या शब्दाचा अर्थ ‘सर्व माद्या’ असा होत नाही, हे लाभार्थीला स्पष्ट सांगितले पाहिजे.

कोंबड्यांचे काय करावे?

कोंबडा निघाला म्हणजे सारा तोटा झाला, असे समजण्याचे कारण नाही. गावठी कोंबड्याला बाजारात चांगली मागणी असते. जत्रेच्या व सणाच्या सुमारास ती आणखी वाढते. प्रश्न आहे तो वेळेचा. चार महिन्यांच्या आत नर ओळखून विकला, तर दाण्याचा खर्च निघून हाती काही उरते. अंडे देईल या आशेने तो आठ महिने सांभाळला, तर तेवढा दाणा फुकट जातो. शिवाय जास्त नर एकत्र राहिले की ते आपसांत झुंजतात आणि कोंबड्यांना जखमी करतात. कोंबड्यांच्या झुंजी लावणे हा कायद्याने गुन्हा आहे, हेही येथे सांगितले पाहिजे.

केवळ खाण्याची अंडी हवी असतील तर कोंबड्याची गरजच नसते. कोंबडी नराशिवायही अंडी देते, फक्त ती उबवण्याच्या उपयोगाची नसतात. खुडूक कोंबडीखाली अंडी ठेवून पिल्ले काढायची असतील, तर आठ-दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा पुरे होतो. तो स्वतःच्याच खुराड्यातील न ठेवता दुसऱ्या गावाहून आणावा. रक्ताच्या नात्यातील संकराने पुढील पिढी दुबळी होते. दोन गावच्या बचत गटांनी आपापले निवडक कोंबडे अदलाबदल केले, तर हा प्रश्न विनाखर्च सुटतो.

ग्रामपातळीवर करण्यासारखे

पिल्ले देताना पावतीवर ‘सरमिसळ’ की ‘मादी’, वय किती आणि वाण कोणता, या तीन गोष्टी लिहून घेण्याचा आग्रह पंचायत सदस्यांनी धरावा. वाटपानंतर बारा आठवड्यांनी गावातील सर्व लाभार्थींच्या नर-माद्यांची मोजणी करून ती ग्रामपंचायतीच्या दप्तरी नोंदवावी. एका घरच्या मोजणीवरून काही सिद्ध होत नाही, पण वीस घरांची मोजणी एकत्र केली म्हणजे पुरवठ्यात दोष आहे की नाही हे लगेच दिसून येते. तक्रार करावयाची झाल्यास पंचायत समितीतील पशुधन विकास अधिकाऱ्यांकडे ही मोजणीच पुरावा म्हणून उपयोगी पडते. योजनेच्या प्रचलित अटीही तेथेच पाहून घ्याव्यात.

कर्जाची शिफारस करणाऱ्या अधिकाऱ्यांनी सरमिसळ पिल्लांच्या प्रकरणात अंड्यांचे उत्पन्न जगलेल्या पिल्लांच्या निम्म्यावरच धरावे आणि उरलेल्या निम्म्यांच्या विक्रीचे उत्पन्न वेगळे दाखवावे. शिक्षकांना तर येथे गणित आणि विज्ञान या दोन्ही विषयांचा जिवंत पाठ मिळतो. वर्गातील प्रत्येक मुलाने नाणे दहा वेळा उडवावे, फळ्यावर सर्वांचे आकडे मांडावेत आणि ते गावातील खुराड्यांच्या मोजणीशी ताडून पाहावेत. अधिक शास्त्रीय माहितीसाठी सातारा जिल्ह्यात शिरवळ येथे क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे.

परसातील कोंबडी हा गरीब घरातील स्त्रीच्या हातचा पैसा आहे. तो वाढविण्यासाठी शासन पिल्ले देते, लस देते, अनुदान देते. त्यांच्याबरोबर एक वाक्यही प्रत्येक लाभार्थीपर्यंत पोचले पाहिजे : ‘या पिल्लांपैकी निम्मे कोंबडे निघतील, हिशेब तसा धरा.’ हे वाक्य पिल्लांच्या खोक्याबरोबरच घरात पोचले, तर चार महिन्यांनी पहाटे ऐकू येणारा आरव कोणालाही निराश करणार नाही, आणि त्या कोंबड्याला गिऱ्हाईक आधीच ठरलेले असेल.